तरणं, उभारी आणि सांगड

इंग्रजीत 'बॉयन्सी' असा एक शब्द आहे. पाण्यावर तरंगण्याचा गुण हा त्याचा एक अर्थ. मनाचा उल्हास, खचून न जाण्याची वृत्ती हा दुसरा. हे दोन्ही सामावणारा मराठी शब्द कोणता, असं एका विद्यार्थिनीनं मला विचारलं. विज्ञानाच्या पुस्तकात 'प्लावक बल' आहे. पण प्लावक बलानं कुणाचा चेहरा खुलल्याचं ऐकिवात नाही!

'तरणे' जवळचा. माणूस पाण्यात तरतो, संकटातूनही तरतो. पाऊस लांबला तरी पीक तरतं. पण त्यात सुटका आहे, आनंद नाही. आनंदासाठी 'उभारी' आहे. पाण्यात दाबलेला भोपळा हात सोडताच उसळून वर येतो, तशी ती येते.

भोपळा म्हटलं की मला साताऱ्याजवळची माहुली आठवते. तिथं कृष्णेत मी पोहायला शिकलो तो पाठीला वाळका भोपळा बांधूनच. आतून पोकळ असल्यानं तो जेवढं पाणी बाजूला सारतो, त्या पाण्याचं वजन त्याच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त भरतं. तेवढ्या जोरानं पाणी त्याला वर लोटतं. हाच आर्किमिडीजचा नियम. असे दोन भोपळे एकत्र बांधले की झाली 'सांगड'. मोल्सवर्थच्या कोशात हा अर्थ सापडतो. आज आपण विचारांची सांगड घालतो, ती मूळची पाण्यातली.

मिरजेत हाच भोपळा सतारीचा, तंबोऱ्याचा तुंबा होतो. सतारमेकर कुटुंबांनी ही कला पिढ्यान्‌पिढ्या जपली. २०२४ साली या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. एकच पोकळी नदीत माणसाला तारते आणि मैफलीत सुराला!

मात्र तरंगण्यालाही मर्यादा असते. ऑगस्ट २०१९च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. ब्रह्मनाळला पुरातून सुटू पाहणाऱ्या माणसांनी भरलेली नाव उलटली, माणसं गेली. नाव ठरावीक ओझंच पेलते. मनाचंही तसंच. 'खचू नका' म्हणणं सोपं. पण ओझं कुणी वाटून घ्यायचं?

पूर ओसरल्यावर सांगलीत एका परिचितांकडे गेलो होतो. परगावची अनोळखी पोरं गुडघाभर गाळ उपसत होती. घरातल्या आजी गप्प बसून होत्या. एका पोरानं गाळातून त्यांचा अडकित्ता शोधून, धुऊन हातात दिला, तेव्हा त्या हसल्या.

विद्यार्थिनीला मी कळवलं, 'गुणाचं नाव विचारशील तर उभारी. पण ती येते कशानं असं विचारशील, तर सांगडीनं.'