डोळ्यांत तेल घालून

चेंडूवरची नजर ढळू देऊ नकोस, हा उपदेश मैदानावर पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. आपल्याकडे तो क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला मिळतो, अमेरिकेत बेसबॉल खेळणाऱ्याला. उपदेश करणाऱ्याचा हेतू चांगला असतो यात शंका नाही. परंतु बेसबॉलच्या फलंदाजाला तो अक्षरशः पाळताच येत नाही, असे शास्त्रज्ञांनी मोजून दाखविले आहे. मग तो चेंडू मारतो तरी कसा? त्यात त्याच्या डोळ्यांचा, चष्म्याचा, कॉन्टॅक्ट लेन्सचा आणि अलीकडे फार गाजणाऱ्या दृष्टिव्यायामांचा वाटा कितीसा? ही हकीगत मोठी रंजक आहे. आणि ज्या घरात चष्मा लागलेले मूल आहे, त्या घराला थोडीशी उपयोगाचीही आहे.

प्रथम हिशेब पाहू. बेसबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्याला पिचर म्हणतात. त्याची जागा फलंदाजासमोरच्या पाटापासून ६० फूट ६ इंच अंतरावर असते. चेंडू हातातून सुटेपर्यंत पिचर पुढे झेपावलेला असल्यामुळे प्रत्यक्ष अंतर उरते ५५ फुटांच्या आसपास. चेंडूला टप्पा नाही. तो हवेतूनच येतो. वेगवान पिचरचा चेंडू ताशी दीडशे किलोमीटरहून अधिक वेगाने सुटतो आणि सुमारे ०.४ सेकंदात फलंदाजापाशी पोहोचतो. त्यातला जवळजवळ ०.१५ सेकंद बॅट फिरविण्यातच जातो. राहिला पाव सेकंद. त्या पाव सेकंदात चेंडू दिसायचा, तो सरळ येणार की खाली घसरणार हे ओळखायचे आणि मारायचा की सोडायचा हे ठरवायचे. बॅट क्रिकेटसारखी सपाट नाही; ती गोल, आणि सर्वांत जाड ठिकाणीही २.६१ इंचांहून रुंद असू शकत नाही. गोल लाकडाने गोल चेंडू मारायचा! दहापैकी तीन वेळा ज्याला हे साधते, तो या खेळात उत्तम फलंदाज गणला जातो, यात नवल ते काय?

चेंडू पांढरा, आणि त्यावर लाल दोऱ्याची शिवण. पिचरने चेंडूला कशी फिरकी दिली आहे, हे त्या लाल शिवणीच्या फिरण्यावरून कळते. ‘स्लायडर’ नावाच्या फसव्या चेंडूवर फिरकीमुळे एक लालसर ठिपका दिसतो, असे अनेक फलंदाज सांगतात. तो ठिपका ज्याला लवकर दिसला, तो वाचला. म्हणूनच मैदानाच्या मध्यभागापलीकडे, फलंदाजाच्या अगदी समोर, गडद रंगाची मोठी पार्श्वभूमी मुद्दाम राखलेली असते. क्रिकेटच्या लाल चेंडूसाठी पांढरा पडदा, तर इथे पांढऱ्या चेंडूसाठी काळपट हिरवी भिंत. तिचे नाव मात्र सुरेख आहे: ‘बॅटर्स आय’, म्हणजे फलंदाजाचा डोळा.

चेंडू नीट दिसणे ही केवळ धावांची बाब नव्हे. १९२० च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या मैदानावर क्लीव्हलँड संघाच्या रे चॅपमनला कार्ल मेजचा चेंडू डोक्यावर लागला आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. त्या काळी एकच चेंडू मळून काळा होईपर्यंत वापरीत असत. मावळत्या उजेडात तो चॅपमनला दिसलाच नसावा, असे मानले जाते. त्यानंतर मळलेला चेंडू बदलण्याबाबत पंच अधिक कडक झाले.

आता डोळ्यांकडे वळू. आपल्याकडचे नेत्रतज्ज्ञ निर्दोष दृष्टीला ६/६ म्हणतात; अमेरिकेत अंतर फुटांत मोजीत असल्यामुळे तीच दृष्टी २०/२० होते. दुसरा आकडा जितका लहान, तितकी नजर तीक्ष्ण. १९९२ ते १९९५ या वर्षांत लुई रोझेनबॉम, डॅनियल लेबी, डेव्हिड कर्शेन या तज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस डॉजर्स या संघाच्या खेळाडूंचे डोळे तपासले. पहिल्याच वर्षी त्यांची पंचाईत झाली. सोबत नेलेल्या तक्त्याची शेवटची ओळ २०/१५ ची, आणि बहुतेक खेळाडू ती सहज वाचून मोकळे! पुढच्या वर्षी अधिक बारीक चाचणी न्यावी लागली. सरासरी निघाली २०/१३ च्या आसपास, म्हणजे आपल्या भाषेत जवळजवळ ६/४. सामान्य निरोगी माणसाला वीस फुटांवरच्या ज्या अक्षरासाठी सात फूट पुढे यावे लागेल, ते या मंडळींना जागेवरून वाचता येत होते. खोलीचा अंदाज आणि फिकट छटांतला फरक ओळखण्याची शक्ती यांतही ते सरस ठरले. संघाचे व्यवस्थापक टॉमी लसोर्डा यांनी रोझेनबॉम यांना विचारले, की नुसत्या डोळ्यांवरून सांगा पाहू, यंदा कोण चमकेल? त्यांनी एरिक कॅरोस या तरुणाचे नाव घेतले, आणि त्याच वर्षी तो आपल्या विभागातला सर्वोत्कृष्ट नवा खेळाडू ठरला. एक भाकीत खरे ठरले म्हणून त्याचे शास्त्र होत नाही, हे खरे. पण किस्सा सांगण्याजोगा आहे.

नामवंत खेळाडूंच्या डोळ्यांभोवती दंतकथांचे जाळे लवकर विणले जाते. १९२१ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी विख्यात बेब रूथची परीक्षा घेतली आणि दिव्याच्या झगमगाटाला त्याचा डोळा सामान्य माणसापेक्षा सेकंदाचे दोन शतांश अगोदर प्रतिसाद देतो, असे सांगितले. टेड विल्यम्सबद्दल तर, फिरत्या तबकडीवरची अक्षरे तो वाचतो, अशी वदंता होती. ती त्याने स्वतःच खोडून काढली. पिचरचा आणि त्याच्या सवयींचा अभ्यास हाच आपल्या यशाचा पाया, असे तो मानीत असे.

विल्यम्सचे म्हणणे पुढे प्रयोगाने बळकट झाले. १९८४ मध्ये टेरी बाहिल व टॉम लारिट्झ यांनी दोऱ्याला बांधलेला चेंडू यंत्राने वेगात ओढून फलंदाजाच्या डोळ्यांची हालचाल मोजली. विद्यार्थ्यांची नजर चेंडू नऊ फुटांवर येईपर्यंत टिकली. पिट्सबर्ग संघाचा व्यावसायिक खेळाडू ब्रायन हार्पर याची साडेपाच फुटांपर्यंत. त्यापुढे त्याचीही नजर हरली. चेंडू जवळ आला की तो डोळ्यांसमोरून इतक्या झपाट्याने सरकतो, की मानवी डोळ्याला त्याच्यामागे फिरता येणे शक्यच नाही. पुष्कळदा फलंदाजाची नजर मध्येच चेंडूला सोडून, तो जिथे येणार आहे तिथे आधीच उडी घेते. तात्पर्य, चेंडू बॅटला लागतो तेव्हा फलंदाज तो पाहत नसतो. पहिल्या पंधरा-वीस फुटांत जे दिसले त्यावरून केलेले ते अनुमान असते. मात्र ते अनुमान करण्यासाठी सुरुवातीचे दृश्य स्वच्छ हवे. तीक्ष्ण दृष्टीची खरी गरज आहे ती तिथे.

दृष्टी स्वच्छ नसेल तर चष्मा आलाच. पण चष्मा म्हणजे दुबळेपणा, ही समजूत तिकडेही होती. विल व्हाइट नावाचा पिचर १८७७ पासून चष्मा लावून खेळला. पण त्याचे अनुकरण कोणी फारसे केले नाही. १९२१ मध्ये जॉर्ज टोपोर्सर चष्म्यासह मैदानात उतरला तेव्हा लोकांनी त्याचे नावच ‘स्पेक्स’ ठेवले. टीका थांबविली ती चिक हॅफी याने. १९३१ साली चष्मा लावूनच त्याने आपल्या विभागातील फलंदाजीचे अग्रस्थान मिळविले. आणि राइन ड्युरेन या पिचरने तर जाड भिंगांचे शस्त्रच केले! खेळ सुरू करताना सरावाचा पहिला चेंडू तो भलतीकडेच, मागच्या जाळीवर भिरकावून देई. पुढे उभ्या फलंदाजाची काय अवस्था होत असेल, ते सांगावयास नको.

तरीही चष्म्याची अडचण खरी आहे. फलंदाज अंगाने आडवा उभा राहून खांद्यावरून पिचरकडे पाहतो. मान पुरती वळली नाही तर नजर भिंगाच्या मध्यातून न जाता कडेतून जाते. तिथे प्रतिमा किंचित सरकते, आणि मागच्या डोळ्याच्या वाटेत नाक व चौकट दोन्ही येतात. शिवाय घाम आणि वाफ. कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्याबरोबरच फिरते, त्यामुळे नजर नेहमी तिच्या मध्यातूनच जाते. टणक प्लॅस्टिकच्या लहान लेन्स १९४८ मध्ये आल्या, पण त्या टोचत आणि निखळत. मऊ लेन्सचे श्रेय प्राग येथील रसायनज्ञ ऑटो विख्टर्ले यांचे. १९६१ च्या नाताळात त्यांनी मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनामो जोडून घरच्या टेबलावर लेन्स घडविणारे यंत्र तयार केले. अमेरिकेत या लेन्सना १९७१ मध्ये परवानगी मिळाली आणि खेळाडूंचा मोठा प्रश्न सुटला. २००५ मध्ये अंबर रंगाच्या खास खेळाडूंसाठीच्या लेन्सही निघाल्या. त्यांची पुष्कळ जाहिरात झाली. पुढे त्या बाजारातून गेल्या.

लेन्सची एक हकीगत आपल्या हैदराबादची आहे. १९६१ मध्ये इंग्लंडात मोटार अपघातात मन्सूर अली खान पतौडी यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गेली. काही महिन्यांतच हैदराबादला एम.सी.सी.विरुद्ध ते त्या डोळ्यात लेन्स घालून खेळले. त्यांना दोन चेंडू दिसू लागले, सहा-सात इंचांच्या अंतराने! आतला चेंडू खरा असे धरून त्यांनी ३५ धावा काढल्या; मग लेन्स काढून टाकली, एका डोळ्याने खेळून ७० पर्यंत पोहोचले, आणि त्याच हिवाळ्यात कसोटी संघात आले.

बोस्टनच्या टोनी कोनिग्लिआरोचे नशीब तितके उदार नव्हते. विसाव्या वर्षी त्याने आपल्या विभागात सर्वाधिक ‘होम रन’ मारले होते. १८ ऑगस्ट १९६७ रोजी चेंडू त्याच्या डाव्या गालफडावर आदळला. हाड मोडले आणि डोळ्याच्या पडद्याला, नेमकी जिथे तीक्ष्ण दृष्टी असते तिथे, इजा झाली. १९६८ चे सबंध वर्ष वाया गेले. १९६९ मध्ये परतून त्याने वीस होम रन मारले, पुढच्या वर्षी छत्तीस. पण दृष्टी पुन्हा खालावली. १९७१ मध्ये त्याला थांबावे लागले आणि १९७५ चा अखेरचा प्रयत्नही फसला. त्या डोळ्याला कोणतीही लेन्स उपयोगाची नव्हती. कारण बिघाड भिंगात नव्हता, पडद्यात होता. त्याच्या शिरस्त्राणाला कान-गाल झाकणारी पट्टी नव्हती. नव्या खेळाडूंना ती सक्तीची झाली १९८३ मध्ये. आपले बडोद्याचे चष्मेवाले अंशुमन गायकवाड १९७६ मध्ये किंग्स्टनला होल्डिंगचा चेंडू कानाशी लागून ८१ धावांवर जायबंदी झाले, तेव्हा त्यांच्या डोक्यावर तर शिरस्त्राणच नव्हते.

राहता राहिला दृष्टिव्यायाम. दोरीत मणी ओवून एकेका मण्यावर नजर स्थिर करणे, क्षणभर चमकलेले आकडे सांगणे, फळ्यावर पेटणारे दिवे हाताने विझविणे, उघडझाप करणाऱ्या काचांचा चष्मा लावून चेंडू झेलणे, असे त्याचे प्रकार. सिनसिनाटी विद्यापीठाच्या संघाने २०११ च्या हंगामापूर्वी सहा आठवडे हे केले, आणि संघाची सरासरी हजारी २५१ वरून २८५ वर गेली. हे यश लहान नाही. पण ज्यांनी व्यायाम केला नाही असा तुलनेचा गट त्यात नव्हता, त्यामुळे श्रेय कशाचे हे कोणी सांगावे? रिव्हरसाइड येथे २०१३ मध्ये एकोणीस खेळाडूंनी संगणकावर अंधूक पट्टे ओळखण्याचा सराव पंचवीस-पंचवीस मिनिटे, तीस वेळा केला. दृष्टी सुधारली, बाद होणे कमी झाले, असा निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तोच कार्यक्रम सर्वसामान्यांना विकला जाऊ लागला, तेव्हा २०१५ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने हस्तक्षेप केला. जाहिरातीतल्या दाव्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही, आणि संशोधकाचे व्यवसायातले हितसंबंध लोकांना सांगितले नाहीत, असा आयोगाचा आक्षेप. दीड लाख डॉलर भरून प्रकरण मिटले. माझ्या मते सरावाने पाहणे सुधारू शकते. कारण पाहण्याचे निम्मे काम मेंदूचे आहे. पण बुबुळाचा बाक आणि डोळ्याची लांबी व्यायामाने बदलत नाही, तेव्हा ‘चष्मा घालवा’ म्हणणाऱ्यांना दारातूनच नमस्कार करावा.

ज्यांचा गुण सिद्ध झाला आहे असे व्यायाम निराळे, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखालचे. जवळचे पाहताना दोन्ही डोळे एकत्र वळत नसतील तर व्यायामाने फरक पडतो. लहान मुलाचा एक डोळा आळशी झाला असेल, तर योग्य चष्मा देऊन चांगला डोळा रोज काही तास झाकतात, म्हणजे दुसऱ्याला काम करावे लागते. हा उपाय सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाला तर गुण चांगला येतो. पंचाईत अशी की एका डोळ्याने नीट दिसत असेल तर मूल तक्रार करीत नाही. झेल सुटले की त्याला धांदरट म्हणून आपण मोकळे होतो. खेळणाऱ्या मुलाला चष्मा असेल तर भिंग काचेचे नको, न फुटणाऱ्या पॉलिकार्बोनेटचे घ्यावे. थोरल्या मुलांना लेन्स दिलीच, तर ती नळाच्या पाण्याने कधीही धुवू नये आणि लेन्ससह पोहू नये. पाण्यातल्या सूक्ष्म जंतूंमुळे बुबुळाला भयंकर दुखणे जडू शकते. आणि नेत्रतज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी घरीही एक गोष्ट करता येते. भिंतीवरच्या दिनदर्शिकेपासून मुलाला दूर उभे करावे, आधी एक डोळा तळहाताने झाकून तारखा वाचायला लावाव्यात, मग दुसरा.