फझी संच सिद्धांत आणि हवेच्या गुणवत्तेचे वर्गीकरण : पिंपरी-चिंचवडच्या संदर्भात

‘प्रदूषित हवा’, ‘गरीब कुटुंब’, ‘उच्च रक्तदाब’ या संकल्पनांना स्वभावतः काटेकोर सीमा नसते. अशा संकल्पनांच्या गणिती मांडणीसाठी लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये फझी संच सिद्धांत मांडला. पारंपरिक संचात घटक असतो किंवा नसतो. फझी संचात त्याचे सदस्यत्व ० ते १ यांमधील कोणतेही मूल्य घेऊ शकते.

पिंपरी-चिंचवडमध्ये भोसरी व निगडी येथे ‘सफर’ प्रकल्पाची हवामापन केंद्रे उभारण्यात आली. २०१५ मध्ये लागू झालेल्या राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांकानुसार पीएम २.५ या सूक्ष्म धूलिकणांची चोवीस तासांची सरासरी दर घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम असल्यास हवा ‘समाधानकारक’, तर ६१ असल्यास ‘मध्यम प्रदूषित’ ठरते. भोसरीतील कामगाराच्या फुप्फुसांना मात्र ही सीमारेषा ठाऊक नसते.

उदाहरणादाखल, ‘समाधानकारक’ संचातील सदस्यत्व ५० ला १ असून ७० पर्यंत सरळ रेषेत शून्यावर येते आणि ‘मध्यम’ संचातील सदस्यत्व त्याच प्रमाणात वाढते, असे मानू. ६० ला दोन्ही सदस्यत्वे ०.५ येतात, ६१ ला अनुक्रमे ०.४५ व ०.५५. म्हणजेच निष्कर्ष एकदम न उलटता क्रमाने बदलतो.

येथे ०.५५ ही संभाव्यता नव्हे. ती वर्णन लागू पडण्याची मात्रा होय. शिवाय ५० व ७० या मर्यादा गणित ठरवीत नाही. त्या विषयतज्ज्ञांनी ठरवून कारणांसह नोंदवाव्या लागतात. समाजशास्त्र असो वा वैद्यक, ही नोंद नसल्यास फझी प्रतिमान केवळ संशोधकाचे मत आकड्यांत मांडते.