"किती जण?" असं न विचारणारं हॉटेल, म्हणजेच रामेनचं दुकान

विरार फास्टमधून रात्री साडेआठला उतरलात. घरी कोणी नाही, पोटात कावळे ओरडतायत. स्टेशनबाहेर चायनीजच्या गाडीवर उभ्याउभ्या मंचाव सूप आणि हाफ नूडल्स हाणल्या, तर कोणी ढुंकूनही बघत नाही. पण एसी हॉटेलात शिरलात की पहिला प्रश्न येतो, "किती जण?" एकच म्हटलं की बेसिनजवळचं टेबल ठरलेलं. त्यात एकटी बाई असेल, तर आजूबाजूची चार टेबलं वळून बघणार.

जपानमध्ये रामेन खायला एकटं जाणं ही मात्र रोजची गोष्ट आहे. 2020 च्या जनगणनेत तिथली 38 टक्के घरं एकट्या माणसाची निघाली. पण फक्त तेवढंच कारण नाही. खरी गोम त्या नूडल्समध्ये आहे.

रामेनच्या कणकेत कान्सुई नावाचं खाराचं पाणी घालतात. उडदाच्या पापडात पापडखार घालतो ना, त्याच जातीतला हा प्रकार. खारामुळे नूडल्स पिवळसर होतात आणि दाताखाली लवचिक लागतात. पण वाटीतलं सूप उकळत्यासारखं गरम असतं, त्यामुळे नूडल्स त्यात शिजतच राहतात. गप्पा मारत बसलात तर दहा मिनिटांत लगदा. म्हणून वाटी आली की मान खाली घालायची आणि आपण कढीचा भुरका मारतो तसं आवाज करत ओढायचं. तिथे त्याला कोणी असभ्य म्हणत नाही.

दुकानही तसंच बांधलेलं. एक लांब ओटा, आठ-दहा स्टुलं, ओट्यापलीकडे आचारी. बऱ्याच ठिकाणी दारातच कुपनचं मशीन असतं. पैसे टाका, बटण दाबा, कुपन पुढे सरकवा. बिलाची वाट बघणं नाही. 'इचिरान' या दुकानांच्या साखळीने तर प्रत्येक गिऱ्हाइकाच्या दोन्ही बाजूंना लाकडी पार्टिशनच टाकलं. परीक्षेला बसल्यासारखं वाटत असेल, पण लोक रांग लावतात.

गंमत म्हणजे रामेन मूळचं चिनी. 1910 मध्ये टोकियोच्या आसाकुसा भागात 'राईराईकेन' सुरू झालं, तेव्हा तिथले आचारी योकोहामाच्या चायनाटाऊनमधून आणले होते. म्हणजे आपल्या चायनीज गाडीची ही लांबची बहीणच.

मग आपल्याकडे एकट्याची सोय कधी नव्हतीच का? होती की. गिरणगावातल्या खाणावळी गावाकडे कुटुंब ठेवून आलेल्या कामगारांवरच चालायच्या. पण रांधणाऱ्या बायका आणि पानावर बसणारे पुरुष. त्या बायकांची संघटना म्हणून प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. बायकांना हक्काची कमाई मिळाली, पण एकटीने बसून निवांत जेवायची जागा बाईला या शहराने क्वचितच दिली. आजही चर्चगेटहून 60 किलोमीटरचा प्रवास करून विरारला उतरलेली बाई गाडीवर उभी राहण्यापेक्षा पार्सल घेऊन घर गाठते.

वसई-विरारमध्ये किराणा दुकानात कोरियन पाकिटं मिळतात, पण ताज्या नूडल्स हव्या असतील तर एक जुगाड आहे. लिटरभर पाण्यात लहान चमचाभर खायचा सोडा घाला (पाणी उकळण्याआधी, नाहीतर फेस उतू जातो) आणि त्यात बारीक स्पॅगेटी उकळा. सोड्याच्या खारामुळे तिला रामेनसारखा ताण येतो. सूप कोंबडीच्या हाडांचं करा. ईस्ट इंडियन घरात सोरपोतेलसाठी पोर्क आलंच असेल, तर हाडं टाकू नका, तीन-चार तास उकळू द्या. आलं, लसूण, सोया सॉस, वर अर्धं उकडलेलं अंडं.

वाटी आधी गरम पाण्याने तापवून घ्या. फोन आला तर नंतर उचला, नूडल्स थांबत नाहीत.