मुठीतला जोर किती?

गेल्या दिवाळीला अंबड तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा आईने भाकरीचे पीठ मळायला सुनेला हाक मारली. पन्नास वर्षे ज्वारीच्या भाकरी थापणारी ही बाई! विचारले तर म्हणाली, "हातात जीव न्हाई राहिला रे बाबा."

डॉक्टरांना दाखवले. त्यांनी आपली दोन बोटे तिच्या मुठीत दिली. "दाबा आजी, जोरात!" तिने दाबली. "छान आहे की जोर! आता वय झालं, दुसरं काय?" आम्ही निमूट परतलो.

डॉक्टरांना तरी दोष कसा द्यावा? जोर हाताने अजमावण्याची रीतच जुनी आहे. पोलिओने लुळ्या पडलेल्या मुलांसाठी बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट लोव्हेट यांनी ती शंभरएक वर्षांपूर्वी रूढ केली. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलची शून्य ते पाच गुणांची पद्धत १९४३ सालची. शून्य म्हणजे स्नायू हलतच नाही, पाच म्हणजे पूर्ण जोर. लुळेपणा त्यात चटकन कळतो. पण चार आणि पाच यांच्या दरम्यान हळूहळू ओसरणारी ताकद तपासणाऱ्याच्या हाताला कळत नाही.

पुढे जालन्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट ताईंकडे गेलो. त्यांनी आईला खुर्चीत बसवले, कोपर काटकोनात ठेवायला सांगितले आणि हातात पकड मोजणारे यंत्र दिले. तीनदा दाबून सर्वांत मोठा आकडा आला १३ किलो. आशियातल्या तज्ज्ञांनी २०१९ मध्ये घालून दिलेली मर्यादा बायकांसाठी १८ किलो, पुरुषांसाठी २८. त्याखाली पकड गेली, की स्नायू झिजत असल्याची शंका घ्यायची.

मग तळहाताएवढे दुसरे यंत्र त्यांनी घोट्याच्या वर नडगीला लावले. "आजी, पाय सरळ करा, मला ढकला!" डावा पाय उजव्यापेक्षा बराच कमी भरला. उठताना ती सारा भार उजव्या पायावर घेते, हे घरात कुणाच्याच ध्यानात आले नव्हते!

ताई हसून म्हणाल्या, "माझी मनगटं बारीक. मोंढ्यातला हमाल आला तर त्याचा पाय मला आवरत नाही. मग यंत्र पट्ट्यानं बांधून घेते. नाहीतर मोजला जाईल तो माझाच जोर!"

२०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांचा अभ्यास आला. पकड ५ किलोने कमी, तर मृत्यूचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी जास्त, असे त्यात दिसले. पकड हा काही रोग नव्हे. शरीर आतून खंगत असल्याची ती खूण.

ताईंनी आधी रक्त तपासून घ्यायला लावले. मग खुर्चीतून उठ-बस, रबरी पट्टा ओढणे, जेवणात डाळ आणि अंडे. तीन महिन्यांनी आकडा आला १६.

वाचकहो, घरातले वडीलधारे माणूस एखादे नेहमीचे काम करताना थबकले, तर 'वय झालं' म्हणण्याआधी त्याचा जोर एकदा मोजून घ्या. आमची आई आता दर महिन्याला, मोंढ्यात कापूस घातल्यासारखी ताईंना विचारते, "आज किती भरलं गं?"