सेल्फ लागत नाही? सेफ्टी स्विच तपासा, डायरेक्ट करू नका

जळगाव व धुळे जिल्ह्यांत आपले अनेक बांधव ट्रॅक्टरची गॅरेजे, ऑटो इलेक्ट्रिकची दुकाने आणि सुट्या भागांचा व्यापार यांवर संसार चालवतात. रावेर-यावलचा केळीचा पट्टा असो की शिरपूर-शिंदखेड्याचे कापसाचे शिवार, हंगामात एक तक्रार हमखास येते: "किल्ली फिरवली, पण सेल्फ लागतच नाही." शेतकरी घाईत असतो, मजूर शेतात खोळंबलेले असतात. मिस्त्री स्विचच्या दोन तारा एकत्र पिळून देतो, ट्रॅक्टर सुरू होतो आणि गिऱ्हाईक खूष होऊन जाते. पण ही दुरुस्ती नव्हे. म्हणून या स्विचविषयी आम्ही थोडे सविस्तर लिहीत आहोत.

स्विच कशासाठी?

नव्या ट्रॅक्टरपैकी पुष्कळांवर क्लचच्या पेडलजवळ, गिअरच्या दांड्याखाली किंवा पीटीओच्या दांड्यापाशी छोटा सेफ्टी स्विच असतो. कोणता कोठे, हे कंपनी व मॉडेलप्रमाणे बदलते. किल्लीकडून सेल्फच्या सॉलेनाइडकडे जाणारा करंट या स्विचमधून जातो. क्लच दाबलेला नसेल, गाडी गिअरमध्ये असेल किंवा पीटीओ चालू असेल, तर करंट पुढे जात नाही. परदेशात बसून चालवायच्या गवत कापणाऱ्या यंत्रांवर सीटखालीही असाच स्विच असतो. पाते फिरत असताना माणूस उठला, की इंजिन बंद पडते. ढकलून चालवायच्या तशाच यंत्रांसाठी अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, की मूठ सोडल्यावर पाते ३ सेकंदांत थांबलेच पाहिजे. सगळ्यांमागचे तत्त्व एकच: माणूस जागेवर आणि सावध असल्याशिवाय यंत्राने हालचाल करू नये.

दोष कोठे शोधावा?

प्रथम ट्रॅक्टर सपाट जागी घ्या, चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. क्लच तळापर्यंत दाबून, दोन्ही गिअर न्यूट्रल करून आणि पीटीओ बंद करून किल्ली मारा. ड्रायव्हर नवा असेल तर तक्रार पुष्कळदा येथेच मिटते.

मग कान द्या. "टक्" असा आवाज येत असेल, तर करंट सॉलेनाइडपर्यंत पोचला आहे. म्हणजे सेफ्टी स्विच बहुधा ठीक आहे. अशा वेळी बॅटरी, तिचे टर्मिनल, अर्थची पट्टी आणि खुद्द सेल्फ पाहावा. भरलेली १२ व्होल्टची बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली गेली, तर दोष बॅटरीत किंवा जोडात समजावा.

आवाजच येत नसेल, तर फ्यूज, किल्लीचा स्विच, सेफ्टी स्विच आणि रिले या क्रमाने जावे. एकाला सीटवर बसवून किल्ली मारायला सांगा आणि टेस्ट लॅम्प सेफ्टी स्विचच्या दोन्ही तारांना आळीपाळीने लावा. येणाऱ्या तारेवर दिवा लागतो पण जाणाऱ्या तारेवर लागत नाही, तर दोष त्या स्विचपाशी आहे. दोन्हींवर लागत असेल, तर स्विचला दोष न देता पुढे रिलेकडे जावे.

तरीही लगेच नवा स्विच टाकू नका. पत्रा वाकला असेल, नट सैल झाला असेल किंवा क्लचचे काम केल्यावर पेडलची चाल बदलली असेल, तर स्विचची दांडी पुरती दाबली जात नाही. अशा वेळी लॉक नट सैल करून स्विच पुढे-मागे बसवला की काम भागते. काळ्या मातीचा चिखल व ओल यांनी जोडाच्या पिना हिरव्या पडतात. त्या साफ कराव्यात. वायरिंगला हात घालण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह तार काढावी. शेवटी स्विच सुटा करून मीटर लावा. साधारण स्विच बोटाने दाबल्यावर बीप देतो व सोडल्यावर गप्प होतो. काही मॉडेलवर हे उलटे असते.

न सांगितलेली तक्रार

स्विचचा दुसरा दोष अधिक घातक आहे. तो आतून चिकटला किंवा कोणी डायरेक्ट केला, की ट्रॅक्टर गिअरमध्येही सुरू होतो. ही तक्रार घेऊन कोणी गिऱ्हाईक येत नाही, कारण त्याची गाडी "चांगली" सुरू होत असते. त्यातच काही जण खाली उभे राहून स्क्रू ड्रायव्हरने सेल्फ शॉर्ट करतात. असे केल्याने सगळे स्विच बाजूला पडतात. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन लागताच ती पुढे सरकते, आणि माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. या एका सवयीने देशोदेशी माणसे चिरडून मेली आहेत.

म्हणून दुरुस्तीनंतर उलटी तपासणी करावी. समोर कोणी नाही हे पाहून सीटवर बसा, ब्रेक दाबा. क्लचला स्विच असेल तर न्यूट्रलमध्ये क्लच न दाबता किल्ली मारा. गिअरला स्विच असेल तर क्लच पुरता दाबून, गाडी गिअरमध्ये ठेवून किल्ली मारा. पीटीओला असेल तर न्यूट्रलमध्ये पीटीओ लावून किल्ली मारा. यांपैकी कशानेही सेल्फ फिरता कामा नये. फिरला, तर काम अपुरे आहे.

कारागिराचा हिशेब

स्विच हा लहान भाग आहे. आपल्या भागात जे ट्रॅक्टर जास्त चालतात, त्यांचे दोन-चार स्विच दुकानात ठेवले, तर घाईच्या दिवसांतही तारा जोडण्याची वेळ येत नाही. गिऱ्हाईक डायरेक्ट करण्याचा आग्रह धरील. त्याला कारण समजावून नकार द्यावा आणि बदललेला भाग बिलावर लिहावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडल्यास ५ वर्षांपर्यंत कैद व दंडाची तरतूद आहे. जोडलेल्या तारेचा संबंध अपघाताशी लागला, तर चौकशी मिस्त्रीपर्यंत येऊ शकते.

उस्तादाने शागीर्दाला पाना धरायला शिकवावे, तशी ही उलटी तपासणीही पहिल्या दिवसापासून शिकवावी. गाडी सुरू करून देणारे पुष्कळ आहेत. नको तेव्हा ती सुरू होणार नाही याची खात्री देणाऱ्या गॅरेजकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.