‘मुळे’ एक, इंग्रजीच्या वाटा अनेक

वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात वसलेल्या गोंडपिपरी तालुक्यात पावसाळा हा धानाच्या रोवणीचा काळ, तसाच तो सर्पदंशाचाही. बांधावर घोणस चावलेल्या एखाद्या शेतकऱ्याला चंद्रपूरच्या रुग्णालयात हलवले आणि चार दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन तो दगावला, अशी कल्पना करावी. त्याच्या मृत्यूचे कारण कोणते? घरच्यांच्या लेखी साप, तपासण्यांच्या अहवालांनुसार मूत्रपिंड. दोन्ही उत्तरे खरी आहेत. त्यांना जोडणारा दुवा इंग्रजीतील अवघ्या दोन शब्दांचा आहे, तो म्हणजे ‘ड्यू टू’.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये रुग्णालयातील मृत्यूसाठी डॉक्टर कारणाचे जे प्रमाणपत्र देतात, तो नमुना क्रमांक ४. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रावर तो बेतलेला आहे. त्यात पहिल्या ओळीवर मृत्यूचे तात्कालिक कारण लिहायचे असते. तिच्याखाली ‘ड्यू टू ऑर ॲज अ कॉन्सिक्वेन्स ऑफ’, म्हणजे ‘याच्यामुळे किंवा याचा परिणाम म्हणून’, असे छापलेले असते आणि पुढच्या ओळीवर त्यामागचे कारण यायचे असते. आपल्या शेतकऱ्याच्या बाबतीत वर मूत्रपिंड निकामी होणे आणि खाली सर्पदंश. घटना घडतात त्याच्या नेमका उलटा हा क्रम आहे. आधी साप चावला आणि नंतर मूत्रपिंडे गेली, हे सांगण्याची मराठी रीत वरून खाली उतरते, तर ‘ड्यू टू’ची शिडी परिणामाकडून मुळाकडे जाते. ओळींची अदलाबदल झाली, तर मूत्रपिंडाच्या विकारामुळे साप चावला, असा अर्थ कागदावर उमटेल! नुसते ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहू नये, अशी सूचनाही नमुन्यातच असते, कारण तो मरणाचा प्रकार झाला, कारण नव्हे.

हा केवळ व्याकरणाचा खेळ नाही. राज्याच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत सर्पदंश हा अपघात मानला जातो. नैसर्गिक मृत्यू तिच्यात बसत नाही. अशा वेळी खालच्या ओळीवरचा ‘सर्पदंश’ हा शब्द घरच्यांच्या दाव्याला आधार देतो. ती ओळ कोरी राहिली, तर उरतो तो फक्त मूत्रपिंडाचा आजार.

त्याच नमुन्याच्या दुसऱ्या भागात ‘कॉन्ट्रिब्यूटिंग टू’ हा प्रयोग येतो. मृताला आधीपासून मधुमेह असेल, तर तो येथे नोंदवायचा. मृत्यूला त्याने हातभार लावला, पण साखळीत तो नाही. मराठीत मात्र ‘सापामुळे गेला’ आणि ‘मधुमेहामुळे अधिक लवकर गेला’ या दोन्ही वाक्यांत तोच ‘मुळे’ येतो. मूळ या नामापासून निघालेले हे शब्दयोगी अव्यय इतके सोयीचे आहे, की मुख्य कारण, हातभार, निमित्त, सबब असे सारेच त्यात सामावते. मराठी माणसाचे इंग्रजी अडखळते ते याच सोयीपायी.

‘ड्यू टू’, ‘ओइंग टू’ आणि ‘बिकॉज ऑफ’ या तिघांचे भाषांतर शाळेत ‘च्यामुळे’ असेच सांगितले जाते. जुन्या व्याकरणकारांनी त्यांत फरक केला होता. ‘ड्यू’ हे विशेषण असल्याने ते नामाला चिकटावे, म्हणजे ‘विलंब पुरामुळे होता’ अशा वाक्यात ते शोभते. ‘पुरामुळे गाडी उशिरा आली’ असे क्रियेचे कारण सांगायचे असेल, तर ‘ओइंग टू’ किंवा ‘बिकॉज ऑफ’ वापरावे, असा त्यांचा आग्रह. फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात ‘ड्यू टू’च्या सैल वापरावर टीका केली होती. आज हा भेद इंग्रजांच्या देशातही फारसा कोणी पाळत नाही आणि तो न पाळल्याने कोणाचे नुकसानही होत नाही. ‘थँक्स टू’ची गोष्ट वेगळी. ते बहुधा चांगल्या कारणासाठी येते. वाईट कारणासाठी आले, तर ‘यांच्या कृपेने रस्ता अजून कच्चाच आहे’ या मराठी वाक्यातला टोमणा त्यात असतो. सरकारी अर्जात तो न आलेलाच बरा.

खरे नुकसान दिशा चुकल्याने होते. ‘रिझल्ट इन’ आणि ‘रिझल्ट फ्रॉम’ यांत फरक एका शब्दाचा, पण अर्थ उलटा. ‘इन’च्या पुढे परिणाम येतो, ‘फ्रॉम’च्या पुढे कारण. जुलै २०२२ मध्ये वर्धा नदीला पूर आला, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात शेतीची हानी झाली. हे इंग्रजीत लिहिताना पूर ‘रिझल्टेड इन’ हानी, किंवा हानी ‘रिझल्टेड फ्रॉम’ पूर, असे म्हणावे लागेल. दोहोंची गल्लत झाली, की बुडालेल्या कपाशीने नदीला पूर आणलेला असतो. मराठी मुलाच्या कानावर ‘रिझल्ट’ हा शब्द प्रथम परीक्षेच्या निकालासाठी पडतो. त्याचे क्रियापदही होते आणि त्याला शेपूट लागते, हे त्याला फार उशिरा कळते. ‘लीड टू’ त्या मानाने सोपे, कारण ‘कडे नेणे’ हा अर्थ मराठी मनाला पटकन पटतो.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून इंग्रजी शिकवण्याचा निर्णय २००० साली अमलात आला. त्यापूर्वी ती पाचवीपासून सुरू होई. वर्षे वाढली, तरी एक चूक टिकून आहे. ‘पाऊस पडला म्हणून शाळा सुटली’ हे वाक्य इंग्रजीत नेताना मुले आधी ‘बिकॉज’ आणि मध्ये ‘सो’ असे दोन्ही घालतात. यात त्यांचा दोष कमी. मराठीला जोडीची सवय आहे, ‘ज्याअर्थी’ म्हटले की ‘त्याअर्थी’ यावेच लागते, आणि शासकीय अधिसूचना तर याच जोडीवर उभ्या असतात. इंग्रजी मात्र दोन वाक्यांच्या सांध्याला एकच खिळा ठोकते.

नकार आला, की गुंता वाढतो. ‘पावसामुळे पीक गेले नाही’ या वाक्यातून पीक वाचले, असे समजावे की पीक गेले पण पावसामुळे नव्हे, असे? ‘नॉट’ आणि ‘बिकॉज’ एका वाक्यात आले, की इंग्रजीतही हीच संदिग्धता असते. मराठीत ‘पीक गेले, ते पावसामुळे नव्हे’ असे वाक्य फिरवून ती टाळता येते. इंग्रजीतही वाक्य फिरवावेच लागते.

गोंडपिपरीच्या पश्चिमेला राजुरा-बल्लारपूर भागात कोळशाच्या खाणी आहेत. तेथे कारण सांगणारा आणखी एक इंग्रजी प्रयोग कामगारांच्या घरापर्यंत पोचतो. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याने दुखापतीच्या भरपाईसाठी एक कसोटी घातली होती. अपघात ‘अरायझिंग आउट ऑफ’ आणि ‘इन द कोर्स ऑफ’ नोकरी असला पाहिजे, अशी ती कसोटी. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती कायम राहिली. दोन्ही शब्दसमूहांना ‘कामामुळे’ म्हणून मोकळे होता येत नाही. ‘इन द कोर्स ऑफ’ म्हणजे काम चालू असताना, म्हणजेच वेळेचा आणि जागेचा प्रश्न. ‘अरायझिंग आउट ऑफ’ म्हणजे कामातून उद्भवलेला, म्हणजेच कारणाचा प्रश्न. कामाच्या पाळीत असताना एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला, तर पहिली अट आपोआप पुरी होते. दुसरी पुरी होण्यासाठी कामाचा ताण आणि तो झटका यांचा संबंध दाखवावा लागतो. दोन्ही अटी ‘अँड’ने जोडलेल्या आहेत, ‘ऑर’ने नव्हे, त्यामुळे एक पुरी होऊन भागत नाही.