चरोद्याचा पाऊस : जाळीतील अंकांचे वाचन

पाऊस मोजण्याचे साधन अगदी साधे असते. उघड्या जागी बसविलेले एक नरसाळे, त्याखाली एक पात्र, आणि रोज सकाळी साडेआठ वाजता त्या पात्रातील पाणी मापून नोंदवहीत मिलिमीटरांत आकडा लिहिणारा माणूस. परंतु पर्जन्यमापक बोलतो तो केवळ आपल्या जागेपुरता. दोन पर्जन्यमापकांच्या मध्ये असलेल्या शेतावर, तलावावर किंवा गावावर किती पाऊस पडला, हे त्याला ठाऊक नसते. हे सांगता यावे म्हणून शास्त्रज्ञ नकाशावर अक्षांश-रेखांशांची एक जाळी पसरतात व तिच्या प्रत्येक छेदबिंदूवरील पावसाचा अंदाज भोवतालच्या मापकांवरून काढतात. अशा अंदाजांच्या संचाला जाळीबद्ध अंकसामग्री म्हणावयास हरकत नाही.

भारताच्या पावसाची अशी सामग्री भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या पुणे येथील कार्यालयाने तयार केली आहे. तिची माहिती देणारा निबंध २०१४ साली प्रसिद्ध झाला. १९०१ सालापासूनच्या प्रत्येक दिवसाचा पाऊस तीत आहे, आणि छेदबिंदूंमधील अंतर पाव अंशाचे आहे. त्यासाठी ६,९५५ पर्जन्यमापन केंद्रांच्या नोंदी वापरल्या गेल्या. मात्र ही सर्व केंद्रे सर्व काळ चालू होती असे नव्हे. अंदाज काढण्याची रीत शेपर्ड यांनी १९६८ साली मांडलेली आहे. तिचे सूत्र असे की, जवळच्या मापकाच्या शब्दाला वजन अधिक द्यावे व दूरच्या मापकाच्या शब्दाला कमी.

ही सामग्री संगणकाच्या फाइलीत कशी ठेवलेली असते, हे पाहण्यासाठी आपण एक गाव निवडू. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात, भिलाईला लागून, चरोदा आहे. रेल्वेचे विस्तीर्ण यार्ड ही त्याची मुख्य ओळख होय. १९५६ पर्यंत हा जिल्हा ज्या राज्यात होता, त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे विदर्भातील वाचकांना हा मुलूख अगदीच परका वाटू नये. चरोद्याला सर्वांत जवळचा छेदबिंदू २१.२५ उत्तर अक्षांश व ८१.५० पूर्व रेखांश ह्या ठिकाणी येतो.

आता फाइल उघडू. एका वर्षाची एक फाइल. तिचा जो जुना व साधा प्रकार आहे, त्यात अंकांखेरीज काहीही नसते : गावाचे नाव नाही, तारीख नाही, अक्षांशही नाही. एखाद्या दुकानाच्या किर्दीतून मथळे व तारखा कातरून टाकाव्यात आणि केवळ रकमा एकीखाली एक उराव्यात, तसा हा प्रकार आहे. अंकाचा अर्थ त्याच्या स्थानावरून ठरतो. पहिला अंक जाळीच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचा, म्हणजे ६.५ उत्तर व ६६.५ पूर्व ह्या बिंदूचा. तो भर समुद्रात आहे. तेथून पूर्वेकडे पाव-पाव अंश सरकत १३५ अंक झाले की एक ओळ संपते व पाव अंश उत्तरेची ओळ सुरू होते. अशा १२९ ओळी. म्हणजे एका दिवसाचे १७,४१५ अंक. प्रत्येकास चार बाइट, एकूण ६९,६६० बाइट.

चरोद्याचा बिंदू गाठावयाचा तर दक्षिण कडेपासून ५९ ओळी वर व पश्चिम कडेपासून ६० घरे पूर्वेस जावे लागते. ५९ गुणिले १३५ म्हणजे ७,९६५. त्यात ६० मिळवले की ८,०२५. तेवढे अंक सोडून पुढचा, म्हणजे ८,०२६ वा अंक आपला. हे झाले १ जानेवारीचे. १५ ऑगस्टचा पाऊस हवा असेल, तर साध्या वर्षात आधी २२६ दिवसांचे ३९,३५,७९० अंक ओलांडावे लागतील. लीप वर्षात आणखी एका दिवसाचे. शिवाय, मोजणी सकाळी साडेआठची असल्यामुळे १५ ऑगस्टच्या नावावर लिहिलेला पाऊस बहुतांशी १४ तारखेला पडलेला असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

येथे जी चूक होते ती संगणक दाखवून देत नाही, आणि हीच ह्या विषयातील खरी अडचण होय. ओळीची लांबी १३५ ऐवजी १२९ धरली, तर आपला ८,०२६ वा अंक २२ उत्तर व ७३.२५ पूर्व येथे जाऊन बसतो : चरोद्याचा पाऊस बडोद्याजवळ! ओळी दक्षिणेकडून नव्हे तर उत्तरेकडून सुरू होतात असे मानले, तर तो शहडोलच्या उत्तरेस पडतो. ह्या दोन्ही चुका निदान नकाशा काढताच ओळखू येतात; पहिलीत देशाचा आकार तिरपा फाटतो, दुसरीत कन्याकुमारी वर जाते. पण काही आज्ञावल्या घरे शून्यापासून मोजतात व काही एकापासून. एकीचा क्रमांक दुसरीत जसाच्या तसा वापरला की आपण ओळीत एक घर व उंचीत एक ओळ सरकतो, आणि रायपूरच्याही पलीकडचा, ईशान्येकडचा पाऊस चरोद्याचा म्हणून हाती येतो. तो आकडा पूर्णतः विश्वसनीय दिसतो. नकाशा काढला नाही आणि एकच अंक उचलला, तर ही चूक वर्षानुवर्षे लपून राहू शकते.

दुसरा सापळा अभावाच्या खुणेचा. समुद्रावर किंवा देशाच्या सीमेबाहेर जेथे नोंद नाही, तेथे पावसाच्या फाइलीत उणे ९९९ लिहितात. तो सरासरीत मिसळला तर पाऊस ऋण येतो व अभ्यासक सावध होतो. तापमानाच्या फाइलीत मात्र ही खूण ९९.९ आहे. समजा, किनाऱ्यालगतच्या नऊ बिंदूंपैकी आठांवर ३३ अंश आहेत व नववा समुद्रात आहे; सरासरी ४०.४ येईल. उष्णतेच्या लाटेची बातमी व्हावी असा हा आकडा, आणि त्यात उष्णता मुळीच नाही.

म्हणूनच अशा फाइलीसोबत एक छोटी वर्णन-फाइल देण्याची पद्धत पडली. ग्रॅड्स ह्या आज्ञावलीत तीत आरंभबिंदू, पाऊल, घरांची संख्या, अभावाची खूण व तारीख लिहिलेली असते. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील युनिडेटा ह्या संस्थेने नेटसीडीएफ नावाचा प्रकार प्रचारात आणला. त्यात हे वर्णन फाइलीच्या पोटातच असते. पुण्याची सामग्री त्याही रूपात मिळते, आणि नवशिक्याने तीच घ्यावी असे आमचे मत आहे. तरीही वर्णन वाचण्याचे काम माणसाचेच उरते. युरोपातील मध्यम-पल्ला हवामान केंद्राच्या ईआरए५ ह्या सामग्रीत ओळी उत्तरेकडून सुरू होतात व पाऊस मीटरमध्ये असतो. पुण्याच्या अंकांशेजारी तो तसाच ठेवला, तर छत्तीसगडचा श्रावण वाळवंटासारखा कोरडा दिसेल.

साध्या प्रकारची फाइल हाती आली, तर आधी तिचा आकार ६९,६६० ने भागून पाहावा. उत्तर नेमके ३६५ किंवा ३६६ आले नाही, तर फाइल अपुरी उतरली आहे किंवा ती निराळ्या जाळीची आहे. ही कसोटी अर्ध्या मिनिटाची आहे, आणि आश्चर्य हे की ती फार थोडे जण लावतात.

राहता राहिले चित्र. नकाशा काढणारी आज्ञावली दोन छेदबिंदूंमधील जागा मऊ रंगछटांनी भरते. त्यामुळे भिलाई व चरोदा येथील पावसातही फरक दिसू लागतो. वस्तुतः ह्या भागात एक घर दक्षिणोत्तर सुमारे २८ व पूर्वपश्चिम सुमारे २६ किलोमीटरांचे असते. त्याच्या आतील छटा रंगाऱ्याच्या आहेत, आकाशाच्या नव्हेत. रंग न मिसळता चौकोन जसेच्या तसे दाखविण्याची सोय बहुतेक आज्ञावल्यांत असते. पहिला नकाशा त्या रीतीने काढावा.

आणि खुद्द तो चौकोनही चरोद्याच्या एखाद्या पर्जन्यमापकाची जागा घेत नाही. आषाढातील एखादी सर यार्डावर कोसळते आणि भोवतालची केंद्रे कोरडी राहतात. मग जाळीतील अंक त्या सरीपेक्षा पुष्कळ लहान येतो. शिवनाथच्या खोऱ्यात ह्या वर्षी पाऊस किती तुटला, १९०१ पासून अशी किती वर्षे गेली, हे विचारावयाचे असेल तर जाळी अत्यंत उपयोगी आहे. यार्डाखालची मोरी किती रुंद बांधावी हे ठरविणाऱ्या अभियंत्याने मात्र त्या जागेजवळच्या मापकाची नोंदवही मागवावी, आणि शक्य असेल तर दर दिवसाऐवजी दर तासाची.